खाणीच्या जमिनीवर तणनाशक मारताय? आधी पानावरून बोट फिरवून बघा

मंडळी, पहिले एक-दोन पाऊस झाले की खाणीतल्या मातीच्या ढिगांवर आणि डंपरच्या रस्त्याच्या कडेनं हिरवंगार दिसायला लागतं, लांबून बरं वाटतं, पण जवळ जाऊन बघितलं की बहुतेक वेळा गाजर गवतच निघतं आणि कडेनं घाणेरी. आणि ते बी खाणीत थोडंच बसून राहतंय, टायरच्या चिखलातून आणि ओहोळाच्या पाण्यातून खालच्या शेतात उतरतं. म्हणून खाणीला लागून शिवार असलेल्यांनी आणि खाणीची जमीन परत लागवडीखाली आणणाऱ्यांनी आत्ताच तयारीला लागा.

गाजर गवत जमिनीला चिकटून पानांचा गोल झुपका असतो तेव्हाच मारायचं. एकदा पांढरी फुलं आली की उशीर झाला, एकेक झाड १५ ते २५ हजार बी टाकतं. मोजकीच झाडं असतील तर ओल्या मातीत मुळासकट उपटा, पण हातमोजे घालूनच, अंगाला खाज सुटली तर लवकर जात नाही.

आता खरी मेख. मी पहिल्या वर्षी डंपरच्या रस्त्याकडेला ग्लायफोसेट (हिरवं दिसेल ते सगळं मारणारं तणनाशक) मारलं, पंधरा दिवसांनी बघतो तर गवत तसंच टवटवीत. औषध डुप्लिकेट म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या, दोष निघाला धुळीचा. ग्लायफोसेट मातीच्या कणाला घट्ट चिकटतं आणि तिथंच निकामी होतं, पानावर धुळीचा थर असला की आत काय जाणार? पानावरून बोट फिरवा, बोट मळलं तर त्या दिवशी पंप उचलूच नका. चांगला पाऊस पडून पानं धुतली की ती कोरडी झाल्यावर मारा, आणि पुढचे सहा तास तरी पाऊस नको.

पाण्याचंही तेच. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी फुकटचं म्हणून पंपात भरू नका, ते गढूळ असतं किंवा क्षार, लोह जास्त असतं, दोन्हीनं औषध मरतं. बाटलीत थोडं पाणी आणि साबण घालून हलवा, फेस नीट झाला नाही तर पाणी जड आहे. दुसरं पाणी नसेलच तर आधी लिटरला २० ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवा, मग औषध. गढूळ पाण्याला मात्र हा उपाय चालत नाही.

आणि सगळीकडे ग्लायफोसेट मारत सुटू नका. ढिगाच्या उतारावर जे साधं गवत आलंय त्यानंच माती धरून ठेवलीय, ते जाळलं की पुढच्या पावसात सगळी माती खाली. तिथं टू-फोर-डी अमाइन, ते रुंद पानाचं तण मारतं आणि गवत ठेवतं, मात्रा लेबलवरची. टू-फोर-डीचा एस्टर प्रकार नको, त्याची वाफ उडते आणि शेजारी कापूस, द्राक्ष, टोमॅटो असला तर पानं आकसून भांडणं लागतात. ग्लायफोसेट फक्त जिथं काहीच ठेवायचं नाही तिथं, ४१ टक्क्यांचं लिटरला १० मिली, आणि वाऱ्यात अजिबात नाही. अॅट्राझिनसारखं जमिनीत टिकणारं औषध मी तरी अशा ठिकाणी वापरत नाही, या मातीत सेंद्रिय भाग नसल्यासारखाच, ते पाण्याबरोबर खाली जातं आणि नंतर पेरलेलं बी उगवत नाही.

घाणेरीवर नुसती फवारणी बऱ्याचदा वाया जाते. बुडाशी छाटा आणि ताज्या कापावर लगेच ब्रशनं ग्लायफोसेट लावा, दहा मिनिटं चहाला गेलात की काप सुकतो.

तण मेलं की जागा मोकळी ठेवायची नाही, गवताचं किंवा स्टायलोचं (शेंगवर्गीय चारा) बी टाका, नाहीतर गाजर गवतच परत येतं. टू-फोर-डी मारलेल्या जागी लेबलवर दिलेले दिवस थांबूनच पेरा, स्टायलो रुंद पानाचं आहे.

फवाऱ्याला फ्लॅट फॅन (पंख्यासारखा सपाट फवारा देणारं) नोझल लावा, पंप तणनाशकाचा वेगळाच ठेवा, धुतलेलं पाणी खड्ड्यात किंवा ओढ्यात न ओतता त्याच तणावर फवारून टाका. सैल उतारावर पाठीवर पंप घेऊन एकट्यानं चढू नका. तीन आठवड्यांनी परत चक्कर मारा, डंपर वळतात त्या कोपऱ्यावर नवीन रोपं हमखास दिसतील, तेवढीच टिपून मारायची.