सशाच्या शिंका थांबवायच्या तर आधी भुसा बदला

ससा नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे नाक चोंदलं की त्याचे फार हाल होतात. पिंजऱ्यात अंथरायला वखारीतला बारीक भुसा स्वस्त पडतो, पण शिंकांचं मूळ बरेचदा तिथेच असतं. देवदार-पाइनच्या कच्च्या भुशाचा उग्र वास तर वेगळाच त्रास देतो. मांजरांसाठीची, ओली झाली की गोळा होणारी बेंटोनाइट माती अजिबात नको. पोटात गेली तर आतडं तुंबतं.

आमच्याकडे भुशाऐवजी कागदी गोळ्यांनी काम झालं. शी-शूच्या ट्रेमध्ये २-३ सेंटीमीटरचा थर पुरतो. पाकीट सरळ उपडं करू नका, चुरा तळाशी साठतो. गोळ्या वाटीने वरून काढा, तळाशी उरलेल्या गोळ्या बाल्कनीत चाळून घ्या. नवं पाकीट आणलं की मूठभर गोळ्या काळ्या कापडावर चोळा. पांढुरकी पूड दिसली तर तो माल पुन्हा घेऊ नका.

तरी शिंका येतातच? मग गवत बघा. तेही घराबाहेर झटकूनच द्यायचं. धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडलंत तर उरलेलं गवत त्याच दिवशी काढा, पावसाळ्यात लगेच बुरशी धरते. मुतातला अमोनियाही नाकाला झोंबतो, म्हणून ओला कोपरा रोज उपसा. ट्रेवरचा पांढरा थर व्हिनेगरने निघतो.

नाकातून घट्ट पांढरा स्राव येत असेल, किंवा नाक पुसून पुसून पुढच्या पंजांचे केस चिकटले असतील, तर मात्र अंथरूण बदलत बसू नका. सशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.