सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ, आईचं दूध आणि रिपोर्टमधला ‘सीएमव्ही’

बीड जिल्ह्यात एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी आणि कमी दिवसांच्या नवजात बाळांच्या विभागात, सिस्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. बाळ काचेच्या पेटीत, आई खाटेवर आणि आजी दाराशी, हे रोजचंच. हल्ली बाहेरच्या लॅबचा रिपोर्टही हातात असतो. त्यात ‘सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह’ दिसलं की आजी विचारते, “सिस्टर, दुधातून रोग जातो म्हणतेत, पावडरचा डबा आणावं का?” डबा आणू नका. आधी हे वाचा.

सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, हा नागिणीच्या कुळातला विषाणू. आपल्याकडे बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो आणि कळतही नाही. नंतर तो अंगात गप्प बसून राहतो. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे एवढंच, की कधीतरी लागण होऊन गेली. बाळंतपणानंतर मात्र तो स्तनात पुन्हा जागा होतो आणि दुधातून उतरतो. आईला ना ताप, ना गाठ. चिकात तो कमी असतो, साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात सगळ्यात जास्त, आणि पुढे ओसरतो.

पूर्ण दिवसांच्या बाळाला याचा सहसा त्रास होत नाही, कारण आईच्या अंगातली प्रतिकारद्रव्यं वारेतून त्याच्याकडे गेलेली असतात. ती बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत जातात. सातव्यातच जन्मलेलं बाळ ती शिदोरी पुरती न घेताच येतं. म्हणून ३२ आठवड्यांच्या आतलं किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, “माझं दूध ताजं द्यायचं का प्रक्रिया करून?” हा प्रश्न विचारायला लाजू नका.

उत्तर प्रत्येक ठिकाणी एकच मिळेल असं नाही. दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवलं की विषाणू मरतो, पण चरबी पचवणारं द्रव्य आणि बाळाला जपणारे कितीतरी घटकही जातात. उणे २० अंशांवर गोठवलं तर विषाणू कमी होतो, संपत नाही. उलट वरच्या दुधाने कमी दिवसांच्या बाळाचं आतडं सडण्याचा धोका वाढतो, आणि तो आजार जिवावर बेततो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ साली हेच म्हटलं, की अशा बाळांना आईच्या दुधाचा फायदा सीएमव्हीच्या धोक्याहून मोठा आहे. घरी गॅसवर उकळणं हा उपाय नाही. उकळलेल्या दुधात बाळासाठी फारसं काही उरत नाही.

आता दूध काढायचं कसं. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. टँकरचं पाणी जपून वापरायचं असतं हे मला कळतं, पण बादलीत हात बुडवू नका. दुसऱ्या कुणाला तांब्याने वरून पाणी ओतायला सांगा. स्टीलची वाटी घासून दहा मिनिटं उकळा आणि पालथी घालून निथळू द्या. पदराने पुसू नका. मग अंगठा काळ्या भागाच्या वरच्या कडेला, बोटं खालच्या कडेला. आधी छातीकडे दाबायचं, मग अंगठा-बोटं जवळ आणायची, सोडायचं. कातडीवर बोटं घासायची नाहीत, बोंडी ओढायची नाही. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच येणार नाही, हात थांबवू नका. पहिल्या दिवसांत चार थेंब चीक आला तरी तो सिरिंजमध्ये भरून आमच्याकडे द्या. “एवढ्याशानं काय होतंय” म्हणून तो फेकून देणाऱ्या सासवांशी मी आजवर भांडत आलेय. दिवसातून आठ-दहा वेळा काढा, त्यात एकदा रात्री उठून. नाहीतर पान्हा आटतो.

वाटीवर आईचं नाव, तारीख, वेळ. साध्या खोलीत दूध चार तास टिकतं, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये यावर भरवसा ठेवू नका. फ्रिजमध्ये आत ठेवा, दारात नाही, आणि २४ तासांत वापरा. लाइट बराच वेळ गेली असेल तर सिस्टरला सांगा. गार दूध कोमट पाण्यात वाटी ठेवून तापवायचं. उरलेलं टाकून द्यायचं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईचं दूध मायेनेसुद्धा घेऊ नका. तिच्या दुधात काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं. दूधपेढीचं चालतं, कारण तिथे दात्या आईची एचआयव्ही, कावीळ बीची तपासणी होते आणि दूध ठरल्या तापमानाला तापवतात. आशियातली पहिली पेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. एचआयव्ही असलेल्या आईचं गणित वेगळं. तिने एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि बाळाच्या दुधाचं एआरटीच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

सीएमव्ही लागलेल्या बहुतेक बाळांना काहीच होत नाही. तरी महिना-दोन महिन्यांच्या सुमारास बाळ श्वास घ्यायचं विसरू लागलं, अंग राखाडी पडलं, पोट फुगलं, कमी झालेली कावीळ परत आली किंवा कातडीवर बारीक लाल ठिपके उठले तर लगेच दाखवा. डॉक्टर प्लेटलेट, लिव्हर आणि लघवीतला विषाणू तपासतात. तपासायला लाळ घेणार असतील तर दूध पाजून तास तरी होऊ द्या, नाहीतर दुधातलाच विषाणू सापडतो. जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आतच लघवी तपासली असेल तर लागण पोटातली की दुधातली हे ठरवता येतं. बहिरेपणाची भीती मुख्यतः पोटात लागण झालेल्या बाळांना. गॅन्सिक्लोव्हिर हे औषध फक्त गंभीर आजारात देतात, कारण त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी डिस्चार्ज कार्ड पिशवीत तळाशी नाही, वर ठेवायचं. त्यावर बाळाचे आठवडे, जन्माचं वजन आणि झालेल्या तपासण्या लिहून घ्या. फडाजवळचा डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतो.