लाओसच्या खेड्यांत भटकताना या चुका टाळा

लुआंग प्रबांगचे मठ पाहून झाले की बरेच जण स्कूटर भाड्याने घेतात आणि आतल्या खेड्यांकडे वळतात. कोणी सियांग खुआंगचं पठार गाठतो, कोणी थाखेकहून निघून खम्मुआनच्या डोंगरांना फेरी मारतो. भटकंतीला हा मुलूख सुरेखच आहे. पण १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, आणि त्यातले पुष्कळसे याच भागांत पडले. क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेले छोटे बॉम्ब सुमारे २७ कोटी होते. त्यातले अंदाजे ३० टक्के फुटलेच नाहीत.

म्हणून सहल रद्द करण्याची गरज नाही. आज जीव आणि हातपाय गमावतात ते मुख्यतः तिथले शेतकरी, लहान मुलं आणि भंगार गोळा करणारी माणसं. मळलेली वाट न सोडणाऱ्या पाहुण्याला धोका कमी असतो. घोळ होतो तो वाट सोडल्यावर, आणि वाट सोडण्याची कारणं नेहमी अगदी क्षुल्लक असतात.

‘पन्नास वर्षांनी काय फुटणार?’

लाओसमध्ये या छोट्या बॉम्बना ‘बॉम्बी’ म्हणतात. बीएलयू-२६ हा त्यातला सर्रास सापडणारा प्रकार, टेनिसच्या चेंडूएवढा. आतल्या स्फोटकाभोवती कवचात शेकडो पोलादी छर्रे असतात. खाली पडताना तो हवेत गरगर फिरतो आणि त्या फिरण्यानेच त्याची कळ मोकळी होते. म्हणजे जमिनीत पडून राहिलेला बॉम्बी झोपलेला नसतो. फुटायला तयार होऊन तो फक्त फुटायचा राहिलेला असतो. पुढे गंज चढतो तो कवचावर आणि कळीच्या भागांवर. त्यामुळे तो निकामी होईलच असं नाही, उलट कशाने फुटेल याचा भरवसा राहत नाही. स्फोटक तर दशकानुदशकं टिकतं.

आडोसा शोधणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. लघवीसाठी झुडपामागे जाणं, फोटोत तार नको म्हणून बांध ओलांडणं, गाडी वळवायला चाक कडेच्या गवतात घालणं, ओढा दिसला की पायवाट नसताना खाली उतरणं. यातलं काहीही करताना कोणाला आपण धाडस करतोय असं वाटत नाही. पण गवताखाली किंवा मातीच्या पातळ थराखाली असलेला बॉम्बी डोळ्यांना ढेकळासारखाच दिसतो.

नियम सोपा ठेवा: जिथे रोजची पावलं किंवा चाकं पडलेली दिसतात तिथेच आपलं पाऊल. आडोसा हवा असेल तर पुढच्या गावापर्यंत थांबा, किंवा सोबत्यांना पाठ फिरवायला सांगून, रस्ता न सोडता, कडेला उरका. लाज परवडते. मोबाइलच्या नकाशातल्या तुटक रेषांवर विसंबू नका. ती वाट आज कोणी वापरतं का, हे नकाशाला ठाऊक नसतं, गावकऱ्यांना असतं. गावातला माणूस ‘तिकडून नको’ म्हणाला तर कारण विचारत बसू नका.

‘शेतात लोक काम करतात, मग मी का नको’ हेही फसवं आहे. त्या शेतकऱ्यापुढे दुसरा पर्याय नसतो, आणि कुठला कोपरा टाळायचा हे त्याला माहीत असतं. शिवाय नांगराने आणि पावसाच्या पाण्याने माती हलते, दरवर्षी नवं काहीतरी वर येतं.

खुणा चुकीच्या वाचणं

सियांग खुआंगमधल्या फोनसवान शहराजवळच्या प्लेन ऑफ जार्समध्ये, म्हणजे २०१९ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या दगडी रांजणांच्या पठारावर, मॅग या सुरुंग आणि बॉम्ब हटवणाऱ्या संस्थेने जमिनीत लाल-पांढऱ्या खुणा बसवल्या आहेत. पांढऱ्या बाजूची जमीन खोलवर तपासून साफ केलेली असते. लाल बाजूला फक्त वरवर, डोळ्यांना दिसेल तेवढंच पाहिलेलं असतं. लोक ‘साफ केलेली जागा’ एवढंच ऐकतात आणि चांगल्या कोनासाठी लाल बाजूला उतरतात. पांढऱ्यांच्या मधूनच चाला.

या ठिकाणांच्या बाहेर मात्र खूण असेलच असं नाही. कंबोडियात कवटीचा लाल बोर्ड पाहून आलेले प्रवासी इथेही तसाच बोर्ड शोधतात. बोर्ड नसणं म्हणजे एवढंच की तिथे कोणी बोर्ड लावलेला नाही.

उघड्या जमिनीवर शेकोटी

उष्णतेने जमिनीखालचा बॉम्बी फुटू शकतो. गावकऱ्यांचे असे अपघात स्वयंपाकाच्या आणि कचऱ्याच्या जाळाने झाले आहेत. मनाला येईल तिथे तंबू ठोकणं, खुंट्या मारणं, चर खणणं हेही त्यातच आलं. मुक्काम गावातच करा.

हातात घेऊन पाहणं

फोनसवानमध्ये बॉम्बची रिकामी कवचं हॉटेलच्या दाराशी आणि कुंपणाला दिसतात. ती पाहून भीड चेपते. वाटेत पडलेला तुकडा रिकामा आहे की भरलेला हे आपल्याला बघून कळत नाही, तेव्हा उचलू नका, लाथ मारू नका, दगड तर मुळीच मारू नका. मुलांनी काही आणून दाखवलं तर त्यांना पैसे देऊ नका. उद्या ती आणखी शोधायला जातील. जुनं युद्धसामान विकत घेतल्यानेही भंगार शोधण्याला बळ मिळतं.

राजधानी विएंतियानमध्ये, हातपाय गमावलेल्यांना कृत्रिम अवयव देणाऱ्या कोप केंद्रात, हे बॉम्ब कसे दिसतात ते मांडून ठेवलं आहे. खेड्यांकडे निघण्याआधी तिथे तासभर घालवा.

दिसलाच तर

थांबा. सोबत्यांना ओरडून जागच्या जागी थांबवा. जवळ जाऊन फोटो काढायचा नाही. ज्या पावलांनी आलात त्याच पावलांवर मागे मळलेल्या वाटेपर्यंत या. तिथे, लांबूनच, फांदीला कापड बांधा किंवा दिसेल अशी खूण करा, आणि दूर गेल्यावरच फोन लावा. मग जवळच्या गावात नाई बानला, म्हणजे गावप्रमुखाला, सांगा. तिथून निरोप यूएक्सओ लाओ या बॉम्ब हटवणाऱ्या सरकारी संस्थेपर्यंत किंवा दुसऱ्या पथकापर्यंत जातो. भाषा येत नसेल तर हाताने जागा दाखवून ‘बॉम्बी’ म्हटलं तरी कळतं.

कोणी जखमी झालं तर धावत सुटू नका. जिथे एक होता तिथे दुसरा असू शकतो, कारण क्लस्टरच्या एका कवचातून शेकडो बॉम्बी एकाच पट्ट्यात पडतात. जखमी माणूस शुद्धीत असेल तर त्याला हलू नको असं सांगा, रक्त येतंय तिथे त्यालाच घट्ट दाबून धरायला लावा, आणि गावातली मदत आल्यावर वाट माहीत असलेल्यानेच पुढे जावं.

गंभीर दुखापतीला खेड्यातला दवाखाना पुरा पडत नाही. बऱ्याचदा माणसाला थायलंडमध्ये, उदोन थानीसारख्या शहरात न्यावं लागतं. म्हणून प्रवासविमा घेताना दोन गोष्टी लेखी विचारा: दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलाय का, आणि ‘युद्धामुळे झालेली इजा’ वगळणारं कलम जुन्या न फुटलेल्या बॉम्बलाही लागू होतं का.