आंबा खाली पडेना, तेव्हा ऋण संख्या

संगणकावर गणित घ्यायचं म्हणजे बरोबर उत्तराला चांदणी देणारा खेळ लावायचा, असं मी दोन वर्षं केलं. मुलं अंदाजानं बटणं दाबायची आणि चांदण्या मोजायची. आता सातवीला मी खेळ देत नाही, तयार करायला लावते.

त्यासाठी स्क्रॅच वापरा. सूचनांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून खेळ तयार करायचं, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबनं 2007 मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. पेनड्राइव्हवरून एकदा टाकलं की इंटरनेट लागत नाही. एका संगणकावर दोघंच बसवा. तिसरा नुसता बघत राहतो.

पहिल्या तासाला संगणक बंद. खेळ असा: वरून आंबे पडतात, खाली टोपली, झेलला की एक गुण. किती आंबे सुटले की हरलो, हे मुलांनीच वहीत लिहून ठरवायचं.

दुसऱ्या तासाला पडदा फळ्यावर काढा: मधोमध शून्य, आडवं −240 ते 240, उभं −180 ते 180. आंबा y = 180 वर ठेवायचा आणि 'फॉरेव्हर' (आतली सूचना पुन्हा पुन्हा चालवणारा ठोकळा) मध्ये 'चेंज वाय बाय' (y म्हणजे उभी जागा, ती दिलेल्या संख्येनं बदलणारा ठोकळा) जोडायचं. त्यात आधीपासून 10 असतात, त्यामुळे आंबा वरच्या कडेलाच अडकतो. इथे तुम्ही अजिबात बोलू नका. गेल्या वर्षी एका मुलीनं 10 चे 5 केले, मग 1, मग 0. आंबा हलेना. बराच वेळ पडद्याकडे बघून ती शेजारणीला म्हणाली, "अगं, शून्याच्याही खाली जायला पाहिजे," आणि −5 टाकले. सहावीत संख्यारेषेवरची गणितं तिनं बिनचूक सोडवली होती. पण ऋण संख्येची गरज तिला त्या दिवशी पहिल्यांदा पडली.

आंबा खरा पडल्यासारखा दिसत नाही, अशी तक्रार मुलं करतातच. मग 'वेग' नावाचा व्हेरिएबल, म्हणजे बदलती संख्या साठवणारा कप्पा, घ्या. सुरुवातीला 0, दर फेरीला त्यात −1, आणि y मध्ये तो वेग मिळवायचा. वहीत y लिहायला लावा: 180, 179, 177, 174, 170. फरक 1, 2, 3, 4 असा वाढत जातो, हे कुणीतरी ओरडून सांगतंच. आंबा तळाशी पोचला की त्याला वर पाठवताना वेग पुन्हा 0 करायला हवा. हे हमखास विसरतं आणि दुसरा आंबा दिसायच्या आत गायब होतो. ती चूक त्यांनाच शोधू द्या.

शेवटच्या तासाला जोड्यांनी जागा बदलायच्या. दुसरे खेळत असताना खेळ करणाऱ्यांनी गप्प बसून लिहायचं. गुण मी खेळाला देत नाही, या नोंदींना देते: आधी काय होतं, काय बदललं, मग काय झालं.