चांद्याच्या चर्चतर्फे सेवाकार्याला जाणाऱ्यांसाठी: कोणाचेही मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका

चंद्रपुरातील, म्हणजे जुन्या नावाच्या चांद्यातील, एक चर्च दर वर्षी काही तरुण मुलामुलींना सहा महिने राहण्याची सोय करून देते, आठवड्यातील पाच दिवस त्यांना शहरातील लहान सेवासंस्थांत पाठवते आणि शनिवारी सर्वांना एकत्र बसवून कामाचा हिशेब ऐकते. मी सिंदेवाही तालुक्यातील धान पिकवणाऱ्या घरातून, बी.ए. झाल्यावर तेथे गेले. अर्ज, शिफारसपत्र आणि मुलाखत यांची माहिती तुम्ही आधीच मिळवली असेल, म्हणून त्याविषयी लिहीत नाही.

घरचे लोक धर्माविषयी विचारतील, तेव्हा सरळ उत्तर द्या. मी ख्रिस्ती नाही. रविवारच्या उपासनेला बसणे माझ्या इच्छेवर होते आणि ज्यांच्या सेवेला आपण जातो त्यांच्यापुढे कोणत्याही धर्माची गोष्ट काढायची नाही, हे पहिल्याच दिवशी बजावले गेले. हा नियम मनापासून पाळा. आजारी आणि एकट्या माणसाला समोरच्याचे म्हणणे नाकारणे जड जाते.

माझी नेमणूक कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या लोकांच्या वस्तीत झाली. वरोऱ्याचे आनंदवन आमच्याच जिल्ह्यातले, १९४९ पासूनचे. त्यामुळे कुष्ठसेवा म्हटले की आमच्याकडच्या पोरांच्या डोळ्यांपुढे काहीतरी भव्य उभे राहते. प्रत्यक्षात माझ्या हाती आले ते पाण्याचे घमेले. सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधांनी रोग बरा होतो, परंतु मज्जातंतूंची जी हानी आधीच झालेली असते ती बहुधा भरून निघत नाही, आणि पायाला काटा रुतला किंवा चांद्याच्या मे महिन्यातील रस्त्याने तळवा भाजला तरी त्या माणसाला कळत नाही. म्हणून रोज अर्धा तास पाय साध्या पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी खरबरीत दगडाने हलक्या हाताने घासायची, पाय ओला असतानाच तेल लावायचे आणि चप्पल घालण्यापूर्वी आतून हात फिरवून पाहायची. हातालाही संवेदना नसेल, तर डोळ्यांनी नीट तपासायची. पाणी कधीही गरम घेऊ नका. ते किती गरम आहे हे त्या पायांना समजत नाही. झरपट नदीच्या पाण्याने खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगावरच्या गाठी बऱ्या झाल्या आणि तेथेच पुढे अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले, ही चांद्याची जुनी कथा वस्तीतील एक आजोबा घमेल्यात पाय बुडवून मला सांगत असत, आणि राजाचे दुखणे लोकांनी देवळाशी जोडले, आमचे मात्र गावकुसाबाहेर ठेवले, असे म्हणून गप्प होत.

काम शिकायचे असेल तर मलमपट्टी करणाऱ्या मावशींजवळ बसा. माझे ठाम मत आहे की जो मार्गदर्शक पहिल्याच आठवड्यात तुमची स्तुती करतो, त्याने तुमच्याकडे नीट पाहिलेले नसते. मावशींनी तीन आठवडे मला जखमेला हात लावू दिला नाही. त्या काळात मी फक्त पाणी भरले आणि नावे पाठ केली, आणि त्याचा मला पुढे सर्वांत अधिक उपयोग झाला.

आता ज्या चुकीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते. वस्तीतील साठीच्या एका आजींना संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळत असे. त्यासाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यांची बोटे झडलेली होती, यंत्रावर ठसा उमटत नव्हता, आणि कार्यालयाच्या खिडकीवरून त्यांना दोनदा परत पाठवले होते. आधारमध्ये बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय आहे, हे मला ठाऊक होते. त्या माहितीचा मला अभिमानही होता. मी त्यांना म्हणाले, "आजी, द्या सगळे माझ्याकडे, मी करून देते." त्यांनी आधार कार्ड, पासबुक, अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला, सगळे मूळ कागद, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून माझ्या स्वाधीन केले.

मी तीन खेपा घातल्या. एकदा यंत्र बंद होते, एकदा संबंधित कर्मचारी रजेवर होते, एकदा उत्पन्नाचा दाखला नवा आणा असे सांगितले गेले. यातले काहीही मी गटाच्या वहीत लिहिले नाही, शनिवारच्या बैठकीत बोलले नाही, कारण काम पुरे करूनच सांगावे असे मला वाटत होते. मग रोवणीच्या दिवसांत वडील आजारी पडले, मी एका रात्रीत गावी निघाले, आणि माझी सहा महिन्यांची मुदत तेथेच संपली. कागद माझ्या पिशवीत, कपड्यांच्या तळाशी, एसटीने दोन तासांच्या अंतरावर राहिले. मला त्यांची आठवण पाच आठवड्यांनी झाली. तोवर दाखल्याची मुदत टळून अनुदान थांबले होते. परत गेले तेव्हा आजी रागावल्या नाहीत, त्यांनी इतकेच विचारले, "पोरी, माहे कागद कुठी आहेत?"

मी आळस केला नव्हता, म्हणूनच हा सापळा ओळखणे कठीण आहे. आळशी स्वयंसेवक कोणाचे कागद घेतच नाही. जो मनापासून धावतो, तोच काम स्वतःच्या मुठीत ठेवतो आणि मूठ घेऊन निघून जातो. तुमची मुदत पहिल्या दिवसापासून ठरलेली असते. आजींच्या कागदांची गरज मात्र जन्मभराची असते. म्हणून मूळ कागद कधीही मुक्कामी नेऊ नका. छायाप्रत घ्या, मूळ कागद त्याच दिवशी परत करा आणि शक्य असेल तर त्या माणसालाच सोबत न्या. वेळ लागेल, पण पुढच्या वर्षी कोणत्या खिडकीवर जायचे हे त्यांना स्वतःला ठाऊक असेल. "मी करून देते" असे म्हणू नका. "मी विचारून येते आणि शनिवारी सांगते" असे म्हणा, आणि काही झाले नसले तरी शनिवारी जाऊन सांगा. प्रत्येक खेप वहीत लिहा: कोणाला भेटलात, काय उत्तर मिळाले, पुढे काय उरले. अपुरे काम लिहायला लाज वाटेल. ती वाटू द्या.

पैसे घेऊन दोन दिवसांत काम करून देणारे दलाल तुम्हाला कार्यालयाच्या दारातच भेटतील. त्यांच्या वाटेने जाऊ नका. एका कामाला ती वाट सोपी पडते, पण त्यानंतर वस्तीतील प्रत्येकाकडे पैसे मागितले जातात. प्रमाणपत्रापुरते तीन आठवडे येऊन जखमांची छायाचित्रे काढणाऱ्यांविषयी तर मला बोलण्याचीही इच्छा नाही.

हे वाचून मन खचले असेल, तर तसे होऊ देऊ नका. तुमच्याही हातून काही राहून जाईल. मावशींच्या हातूनही सुरुवातीला राहिले होते, असे त्यांनीच मला सांगितले, आणि तेही मी रडत असताना, त्याआधी नाही. गावाकडची मुले या कामात कमी पडतात असे मला कधीच दिसले नाही. आपल्याला माणसाजवळ खाली बसता येते, आणि चिखलात बुडालेल्या पायांची आपल्याला किळस वाटत नाही.

आजींसोबत मी पुढे चार वेळा कार्यालयात गेले. चौथ्या खेपेला बुबुळावरून ओळख पटली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. मधल्या महिन्यांचे पैसे मात्र मिळाले नाहीत. आता त्यांचे कागद त्यांच्याच पेटीत असतात, आणि छायाप्रतींचा गठ्ठा मावशींकडच्या वहीत असतो.