राग बुडीत खाती कसा टाकावा

कुणी दुखावलं की आजूबाजूची माणसं एकच सल्ला देतात: ‘जाऊ दे गं.’ कसं जाऊ द्यायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. माझा व्यवसाय हिशेब लिहिण्याचा, त्यामुळे असेल कदाचित, पण मला ही गोष्ट खातेवहीतून पटकन कळते. एखादं येणं वसूल होणार नाही अशी खात्री पटली की आम्ही ते बुडीत खाती टाकतो. रक्कम कुणाकडून येणे होती, कशापायी होती, हे खोडत नाही. समोरचा बरोबर होता, असंही म्हणत नाही. फक्त ती येईल या भरवशावर पुढचे बेत आखायचं थांबवतो. त्या पार्टीला पुन्हा उधार द्यायचं का, हा तर सर्वस्वी वेगळा निर्णय. माफीचंही मला असंच दिसतं.

खाली सांगतेय ती पद्धत मी माझ्या एका जुन्या भागीदार मैत्रिणीच्या बाबतीत वापरली. आम्ही दोघी मिळून काम करायचो. तिने माझ्या नकळत आमचे जुने ग्राहक स्वतःच्या नव्या कामाकडे वळवले आणि मला ते कळलं एका ग्राहकाच्या तोंडून.

पहिल्यांदा एवढं तपासा: जे झालं ते थांबलंय का? जो आजही हात उगारतोय किंवा आजही पैसे लाटतोय, त्याला माफ करायच्या भानगडीत आज पडू नका. आधी तिथून बाहेर पडा, मदत मागा, तक्रार करायची असेल तर करा. तक्रार केली म्हणून माफीचा रस्ता बंद होत नाही. दावा लावून, निकाल घेऊनही मनातला राग सोडता येतो. आणि घटना कालपरवाची असेल तर जरा थांबा. आपल्यावर अन्याय झालाय हे आधी रागच सांगतो, त्याला पुरतं बोलू द्या.

मग कागद घ्या. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून उठल्यावर त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हा पहिल्या दिवशी लिहून रडू आलं तर घाबरू नका. मात्र प्रसंग फार भयंकर असेल, लिहिताना छाती धडधडून सगळं डोळ्यांपुढे पुन्हा घडायला लागलं, तर वही मिटा आणि समुपदेशकाला सोबत घेऊनच पुढे जा.

चार दिवसांनंतरचं काम माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं आहे, आणि ते घाईत उरकू नये. लिहिलेलं वाचा आणि ज्या वाक्यांत घटना नाही, नुसता अर्थ लावलेला आहे, त्यांच्याखाली रेघ मारा. माझ्या पानांवर ‘तिने मला मूर्ख बनवलं’, ‘माझी किंमतच ठेवली नाही’, ‘पहिल्यापासून तिच्या मनात हेच होतं’ अशी वाक्यं ओळीने होती. ही सगळी माझी भर. ती वगळल्यावर तीनच वाक्यं उरली. तिने ग्राहकांना फोन केले. मला सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा ‘तुला सांगणारच होते’ म्हणाली. ही तीन पुन्हा वाचली तेव्हा कळलं की ग्राहक गेल्याचं मला फारसं काही नव्हतं, ग्राहक येतात-जातात. डाचत होतं ते तिसरं वाक्य. म्हणजे माफ करायचं होतं ते एक खोटं बोलणं. भलंमोठं ‘विश्वासघाता’चं गाठोडं आता हातात मावेल एवढं झालं.

नेमकं काय झालं याचा पत्ता नसताना केलेली माफी मला पोकळ वाटते. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीनंतर डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली जो सत्य आणि समेट आयोग बसला, त्याच्या 1995 च्या कायद्यातही राजकीय गुन्ह्यांसाठी अभय मागणाऱ्याला आधी सगळं खरं सांगणं बंधनकारक होतं. पीडितांनी माफ केलंच पाहिजे, अशी अट मात्र नव्हती. तुमच्यावरही ती नाही.

पुढे नुकसानीची यादी. पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे परत मिळू शकेल असं, उजवीकडे कधीच न मिळणारं. उसने दिलेले पैसे, एखादी वस्तू, चारचौघांत केलेल्या खोट्या आरोपाचा चारचौघांतच केलेला खुलासा, हे डावीकडे. गेलेली वर्षं आणि ‘ती अशी नाही’ ही समजूत उजवीकडे. डावीकडचं मागा. मागायच्या आतच माफ करून टाकणारे लोक पुढे वर्षानुवर्षं कुढत बसतात, हे मी फार पाहिलंय. मागताना एक घटना, तिचा एक परिणाम आणि एकच मागणी, एवढंच बोला: ‘तू ग्राहकांना फोन केलेस ते मला सांगितलं नाहीस. मला ते त्यांच्याकडून ऐकावं लागलं. असं का केलंस, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.’ ‘तू नेहमीच’ असं सुरू होणारं वाक्य गिळून टाका, नाहीतर भांडण त्या ‘नेहमी’वर होतं. उत्तर मिळेल किंवा नाही. विचारून झाल्यावर जे उरलं, तेच बुडीत.

आता नावडतं काम. तीच गोष्ट समोरच्याच्या तोंडून लिहा, ‘मी’ म्हणून. मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये लोकांकडून दोन्ही प्रकारचे प्रसंग लिहवून घेतले, दुखावलं गेल्याचे आणि दुखावल्याचे. दुखावल्या गेलेल्यांना समोरच्याचं वागणं बिनबुडाचं वाटत होतं आणि त्याचे परिणाम अजून चालू आहेत असं दिसत होतं. ज्यांनी दुखावलं होतं, त्यांच्या लेखी मात्र वागण्याला कारण होतं आणि प्रकरण कधीच मिटलं होतं. आपण आतल्या आत जळत असताना समोरचा खुशाल का वावरतो, याचा उलगडा मला इथे झाला. मैत्रिणीच्या बाजूने लिहिताना मी लिहून गेले: ‘आधी सांगितलं असतं तर हिने मला थांबवलं असतं, आणि मी थांबलेही असते.’ हे खरं आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण तिला राक्षसीण ठरवणं त्यानंतर जमेना. असं लिहिणं म्हणजे वकीलपत्र घेणं नव्हे. पानाच्या शेवटी ‘तरीही हे चूकच होतं’ असं लिहायला माझी हरकत नाही. मी लिहिलं होतं.

यानंतर निर्णय. माफीचा अभ्यास करणारे एव्हरेट वर्दिंग्टन दोन माफ्या वेगळ्या धरतात: एक ठरवून केलेली, म्हणजे सूड घ्यायचा नाही, माणसाशी माणसासारखं वागायचं, दुसरी भावनेतली, जी मागाहून, रमतगमत येते. 1996 उजाडण्याच्या सुमारास त्यांच्या आईचा घरफोडीत खून झाला, तेव्हा याच विषयाचा अभ्यास करणाऱ्या या माणसाला तो स्वतःवर लावून पाहावा लागला. ही फोड फार उपयोगी आहे. राग असतानाही निर्णय घेता येतो, आणि राग परत आला म्हणून तो निर्णय खोटा ठरत नाही. तारीख घालून लिहून ठेवा: ‘हे येणं मी आजपासून धरत नाही.’

राग परत येतोच. बहुतेकदा रात्री, आणि मग डोक्यात तो जुना खटला उभा राहतो, ज्यात आपण एकाहून एक सरस उत्तरं देतो आणि समोरचा निरुत्तर होतो. मानसशास्त्रज्ञ शार्लट विटव्लिएट आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये एका प्रयोगात लोकांना मनातली अढी उगाळायला लावली, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढले, भुवयांचे स्नायू ताणले गेले. माफ करण्याची कल्पना करताना हा ताण कमी होता. मी तर कपाळाला हात लावूनच ओळखते. आठी जाणवली की पुढचं वाक्य रचायचं थांबवते, उठते, दिवा लावते आणि लिहून ठेवलेली ती तारीख वाचते. विचार दाबायला जाऊ नका, दाबला की तो दुप्पट उसळतो. ‘हे आठवतंय’ एवढं म्हणा आणि हाताला काहीतरी काम द्या.

माफी कशी करावी हे शिकवणारे मानसशास्त्रज्ञ फ्रेड लस्किन यांची एक युक्तीही चालते. ज्यांची अंमलबजावणी आपल्या हातात नाही असे नियम आपण जगाला लावून ठेवतो, असं ते म्हणतात. ‘तिने खरं बोलायलाच हवं होतं’ याऐवजी ‘ती खरं बोलली असती तर मला फार बरं वाटलं असतं’ असं म्हणून बघा. पहिल्या वाक्याने मुठी वळतात. दुसऱ्याने जरा वाईट वाटतं, पण झोप लागते.

‘मी तुला माफ केलंय’ हे समोरच्याने विचारल्याशिवाय सांगू नये, असं माझं मत. न विचारता सांगितलं की ते उपकारासारखं ऐकू येतं, आणि ज्याला आपलं चुकलंय असंच वाटत नाही, त्याच्याशी नवा वाद सुरू होतो.

उधारीचं मात्र स्वतंत्र ठरवा. मैत्रीण भेटली की मी हसून बोलते, तिच्या मुलीची चौकशी करते. पण भागीदारी पुन्हा करणार नाही, आणि माझ्या कामाच्या गोष्टी तिच्याकडे बोलत नाही. यात मला काही विसंगत वाटत नाही. विश्वास पुन्हा कमवायचा असेल तर तो लहान लहान गोष्टींतून आणि तिने कमवायचा. तो देऊन टाकणं माझ्या माफीत बसत नाही.

माणूस हयातच नसेल तर डावीकडचा रकाना रिकामा राहतो. तेव्हा त्याला उद्देशून पत्र लिहा, आडपडदा न ठेवता, आणि ते कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारं माणूस तेवढं पारखून निवडा. पत्र संपायच्या आतच ‘अगं, पण ते मनाने वाईट नव्हते’ म्हणणारं नको.