झाड कशानं मेलं? सिक्वेन्सिंगला (डीएनए वाचून घ्यायला) नमुना पाठवण्याआधी या चुका टाळा

२००९ साली युरोपात ॲश नावाची झाडं मारणाऱ्या बुरशीची ओळख लागली: हायमेनोस्कायफस अल्बिडस. म्हणजे तिथलीच जुनी, गळलेल्या पानांवर जगणारी गरीब बुरशी. मग ब्रिटनने आयातीत अडवायचं तरी कशाला? पुढे डीएनए ताडून पाहिला, तेव्हा कळलं की मारेकरी दिसायला जुळा असला तरी जात निराळीच, मूळची पूर्व आशियातली. तिचं आजचं नाव हायमेनोस्कायफस फ्रॅक्सिनियस. २०१२ मध्ये ती नॉरफॉकच्या जंगलात सापडली, तोवर उशीर झाला होता. नुसत्या रूपावरून नाव ठेवणं इतकं महागात पडतं.

वाळलेल्या फांदीचा नमुना. सर्रास होणारी चूक हीच. फांदी मेली की तिच्यावर नंतर आलेल्या बुरश्यांचा बाजार भरतो आणि मूळ गुन्हेगार त्या गर्दीत हरवतो. साल हलकेच खरवडा. तपकिरी डाग आणि ओली जिवंत साल जिथे भिडतात, तिथला नखाएवढा तुकडा घ्या. पुढच्या झाडाकडे जाताना चाकू नुसता स्पिरिटने पुसू नका. त्याने बुरशी मरते, पण डीएनए पात्याला चिकटून राहतो. आधी पातळ ब्लीच, मग स्वच्छ पाणी.

पीसीआर (डीएनएच्या प्रती काढून रोगकारक शोधणारी चाचणी) निगेटिव्ह, म्हणजे झाड निरोगी? सालीतली टॅनिनं पीसीआर बंद पाडतात. ट्यूबमधलं द्रावण कोऱ्या चहासारखं दिसलं, तर त्या निकालावर विश्वास नको (माझा एक अख्खा आठवडा या चहात बुडाला आहे). डीएनए काढायच्या द्रावणात (बफरमध्ये) टॅनिनं धरून ठेवणारं पीव्हीपी घाला, डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवा आणि सोबत झाडाच्याच एखाद्या जनुकाची पीसीआर लावा. तीही आली नाही, तर दोष नमुन्यात आहे.

बुरशीचे प्रायमर (पीसीआरमध्ये कोणाचा डीएनए शोधायचा ते ठरवणारे छोटे डीएनए-तुकडे) सगळ्यांना चालतात हा समज. आपल्याकडे संत्र्याचा डिंक्या ज्या फायटोफ्थोरामुळे होतो, त्याला बोलताना सगळेच बुरशी म्हणतात. वंशावळीने तो तपकिरी शैवालांच्या जवळचा. फक्त बुरशीसाठी बेतलेले काही प्रायमर त्याला पकडतच नाहीत.

सगळा डेटा झाडाचाच. ॲशचा जीनोम (पेशीतला सगळा डीएनए) सुमारे ८८ कोटी अक्षरांचा, बुरशीचा जेमतेम ६.३ कोटींचा. फांदी तशीच सिक्वेन्सरला दिली तर पैसे झाड वाचण्यातच जातात. त्यामुळे आधी झाडाच्या जीनोमशी जुळणारे तुकडे बाजूला काढा, मग उरलेल्यांत शोधा. २०१२ च्या डिसेंबरात नॉर्विचच्या शास्त्रज्ञांनी रोगट ॲश फांद्यांच्या गाभ्यातला आरएनए (चालू जनुकांची पेशीतली तात्पुरती प्रत) वाचला आणि डेटा लगेच सर्वांसाठी खुला केला. आरएनएचा आणखी एक फायदा: तो लवकर विरतो, म्हणून सापडला तर रोगकारक बहुधा जिवंत आणि कामाला लागलेला. डीएनए मात्र मेल्यावरही रेंगाळतो.

जातीचं नाव मिळालं की फाइल बंद. ओक मारणाऱ्या फायटोफ्थोरा रॅमोरमचे अनेक वंश आहेत. अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या जंगलात २००१ पासून ठाऊक होता तो एनए१ हा वंश. २०१५ मध्ये तिथे ईयू१ हा दुसरा वंश सापडला, आणि या दोघांचे मिलनप्रकार (नर-मादीसारखे जोडीचे गट) सहसा विरुद्ध असतात. म्हणजे संकराची शक्यता. जात तीच, त्यामुळे जातीपुरत्या चाचणीत दोन्ही नमुने सारखेच पॉझिटिव्ह आले असते.